पंक्तिप्रपंच

आंबेघोलच्या छायाक्का देसाईंना पंचवीस वर्षांनी जो पहिला वास आला, तो नेमका नवऱ्याच्या बिडीचा.

दत्तूअण्णांनी बिडी सोडल्याला गावाच्या लेखी वीस वर्षं झाली होती. चांगली देवळात नारळ फोडून, चारचौघांसमोर सोडली होती. त्या सकाळी अण्णा परसातून आत आले, नेहमीसारखा चहा मागितला, आणि छायाक्कांनी आधण तसंच टाकून त्यांच्या सदऱ्याला नाक लावलं. पुढे गल्लीत जे काही ऐकू आलं ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या रेश्माबी मुजावर धावत आल्या तेव्हा छायाक्का उंबऱ्यावर बसून एकाच वेळी हसत होत्या आणि रडत होत्या. अण्णा बापडे बंडल हातात घेऊन उभे होते.

"आला गं रेश्मा," छायाक्का म्हणाल्या, "वास आला. बिडीचा का असंना, आला!"

हा प्रसंग केतकी शिंत्रेने तिघांकडून ऐकला: छायाक्कांकडून, रेश्माबींकडून आणि खुद्द अण्णांकडून. अण्णांचं म्हणणं असं की ती बिडी त्यांची नव्हतीच. केतकीने ते हसू दाबून ऐकून घेतलं, कारण कुणाचंही म्हणणं मध्ये न तोडता ऐकून घेणं हीच तिची नोकरी होती.

केतकीने कोल्हापूरला नीतिशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. "याचा उपयोग काय?" हा वडिलांचा रोजचा प्रश्न. मग सरकारने नवा नियम केला. माणसांवर कुठलंही नवं औषध तपासायचं असेल तर तिथे एक संमती-अधिकारी हवा. त्याने औषध द्यायचं नाही, आकडे काढायचे नाहीत. समोरच्या माणसाला सगळं नीट समजलं आहे ना, तो मनापासून हो म्हणतो आहे ना, आणि पुढेही त्याच्यावर अन्याय होत नाही ना, एवढंच पाहायचं. रातोरात राज्यभरातल्या नीतिशास्त्रवाल्यांना भाव आला. वडील आता पाहुण्यांना सांगत, "आमची केतकी डॉक्टरांवर लक्ष ठेवते."

तिला मिळालेला पहिला मोठा प्रयोग होता डॉ. आनंद उपाध्ये यांच्या नाकातल्या थेंबांचा.

आपल्या नाकाच्या छताशी, अगदी वर, नखाएवढी एक जागा असते. वास ओळखणाऱ्या चेतापेशी तिथे राहतात. बाहेरची हवा त्यांना थेट लागते, त्यामुळे त्या लवकर झिजतात. पण त्यांच्याखाली मूळपेशींचा एक थर असतो, आणि त्यातून जन्मभर नव्या चेतापेशी तयार होत राहतात. पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या साथीत अनेकांचा वास गेला. बहुतेकांचा परत आला. काहींच्या मूळपेशी मात्र झोपल्या त्या झोपल्याच. डॉ. उपाध्यांनी त्या पेशींना वाचता येईल असा एक रासायनिक निरोप तयार केला: ऊठ, आणि एक नवी चेतापेशी कर. तो निरोप थेंबांतून रोज नाकात जायचा. नव्या पेशीचा धागा हाडाच्या चाळणीतून वर मेंदूपर्यंत पोचायला आणि तिथे पक्का रुजायला सहा महिने लागत. तोवर थेंब बंद झाले तर तो धागा सुकून जाई.

औषध खरंच काम करतं की नाही हे कळायला तुलना लागते, कारण आशेलाही वास येतो. म्हणून निम्म्या लोकांना औषध आणि निम्म्यांना तशाच कुपीतून मिठाचं पाणी द्यायचं ठरलं. कुणाला काय मिळतंय ते डॉक्टरलाही ठाऊक नाही.

आंबेघोलला केतकीने हे सगळं समाजमंदिरात बसून समजावलं होतं. समोर गावच्या स्वयंपाक मंडळाच्या सोळा जणी होत्या. आजरा भागात लग्न असो की जत्रेचा महाप्रसाद, आंबेघोलच्या बायकांशिवाय पंगत उठत नाही. साथीच्या वेळी या सगळ्या चाळिशीच्या आसपास होत्या. शेकडो आजाऱ्यांचं जेवण रांधता रांधता एकेक करत सगळ्या आजारी पडल्या, आणि बऱ्या होताना वास गमावून बसल्या. तेव्हापासून त्या फोडणीचा आवाज ऐकून आणि रश्शाचा रंग बघून स्वयंपाक करत होत्या, आणि लोक बोटं चाटत होते.

केतकीने प्रत्येकीला सांगितलेलं उलट सांगायला लावलं. छायाक्कांनी तर एका दमात सांगितलं. "आमच्यातल्या निम्म्या जनींना औषध, निम्म्यांना मिठाचं पानी. कुनाला काय ते तुला बी म्हाईत न्हाई, डाक्टरला बी न्हाई. फकस्त कम्प्युटरला म्हाईत. आनि आमी मनात आलं तर कवा बी सोडू शकतो. बरोबर?"

"अगदी बरोबर," केतकी म्हणाली. इतकी समजून-उमजून दिलेली संमती आपण पाहिली नाही असं तिने वर, प्रयोगावर देखरेख करणाऱ्या नैतिक समितीला कळवलं. ते खरंच होतं. बायका समजून घेण्यात कुठेच कमी पडल्या नव्हत्या, आणि घोटाळा झाला तो त्यामुळेच.

तीन महिन्यांनी ती वासाची पेटी घेऊन आली. या पेटीतून मोजून मापून एकेक वास सुटतो, आणि समोरच्याने तो ओळखायचा. पहिल्या बसल्या मालन खोत. त्यांनी लवंग ओळखली, रॉकेल ओळखलं, साबण ओळखला. "आनि त्यो औषधाचा खोका आणनाऱ्या ड्रोनला जळकट वास येतोय, त्याचं बगा कायतरी," असंही वर सांगितलं. केतकीला उड्या माराव्याशा वाटल्या. मग रेश्माबी, मग छायाक्का, मग आणखी. सगळ्या धडाधड ओळखत होत्या. निम्म्याहून जास्त जणी झाल्या आणि केतकी यादीवरची नावं पुन्हा मोजू लागली. शेवटची बाई उठली तेव्हा सोळाच्या सोळा जणींना वास येत होता.

निम्म्या जणींनी तर मिठाचं पाणी नाकात घातलं होतं.

"छायाक्का," ती हळूच म्हणाली, "कुप्या तुम्ही कशा वापरता, मला जरा दाखवाल?"

"त्यात काय दाखवायचं?" छायाक्कांनी तिला डेअरीच्या शीतखोलीत नेलं. तिथे एक लखलखीत स्टीलचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. "खोका आला की ह्ये पातेलं उकळून घ्यायचं. सगळ्या कुप्या ह्यात रिकाम्या करायच्या. मग सगळ्यांच्या कुप्यांत सारखं भरायचं. रेश्माचा हात लई थिर. एक थेंब इकडं तिकडं हुईत न्हाई."

केतकीने कपाळाला हात लावला. "अहो, पण मी सांगितलं होतं ना, निम्म्या जणींना—"

"तू सांगितलंस म्हनून तर कळलं!" छायाक्कांना तिच्या चेहऱ्याचं नवलच वाटलं. "आगं, उभा जन्म आमचा वाढण्यात गेला. एका पंगतीला बसवून हिच्या पानात तूप आनि तिच्या पानात पानी? असला पंक्तिप्रपंच आमच्या हातनं हुनार न्हाई. औषध निम्मं हाय ना? मग निम्मं निम्मं सगळ्यांनी घ्यायचं."

त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणाचा मागमूस नव्हता. उलट एक अवघड गोष्ट निगुतीने निभावल्याचं समाधान होतं. केतकीला हसूही येईना आणि रागावताही येईना.

ती परत गाडीत बसते न बसते तोच डॉ. उपाध्यांचा फोन आला. पेटीचे आकडे त्यांच्यापर्यंत पोचले होते.

"केतकी! सोळापैकी सोळा? पाहिलंस ना तू?" साठीचा तो माणूस शाळकरी पोरासारखा ओरडत होता; निम्म्या कुप्यांत पाणी आहे हे आनंदाच्या भरात तो विसरलाच होता. "बाकीच्या चार गावांत जेमतेम थोड्यांना फरक पडलाय. पैसे पुरवणारे वरचे लोक दोन महिन्यांत प्रयोग गुंडाळणार होते. आता आंबेघोल दाखवतो त्यांना!"

"सर," ती म्हणाली, "मी उद्या बोलते तुमच्याशी."

तिला आत्ता बोलताच येत नव्हतं. तुम्ही मला जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही, असा शब्द तिने या बायकांना दिला होता. आणि खरं बाहेर आलं तर नियम स्पष्ट होता: घोळ झालेलं केंद्र तिथल्या तिथे बंद. बंद झालं की थेंब बंद, आणि सोळा जणींच्या नाकातले अर्धवट रुजलेले धागे महिन्याभरात सुकणार.

गप्प बसलं तर? वर्गात ती परिणामवादाची मोठी भोक्ती होती. ज्याने जास्तीत जास्त लोकांचं भलं होतं ते करावं, एवढं साधं. गप्प बसलं तर सोळा जणींचं भलं होत होतं. पण तीन महिन्यांनी संगणक यादी उघडेल, आणि औषधवाल्यांना जेवढा गुण तेवढाच मिठाच्या पाण्यालाही, असं दिसेल. म्हणजे औषध निकामी, असाच निकाल निघणार. मग डॉ. उपाध्यांची वीस वर्षं गेली, आणि देशभरात अशा नाकांनी जगणाऱ्या लाखोंची आशाही गेली. कर्तव्यवाद म्हणत होता, खरं सांग. तोच कर्तव्यवाद म्हणत होता, दिलेला शब्द पाळ. परीक्षेत या प्रश्नावर तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते, आणि आता गाडीत बसून तिला एकही ओळ उपयोगी पडत नव्हती. तिला छायाक्कांचा हसरा-रडका चेहरा आठवत होता, आणि तो परत रडका करायचं तिच्या जिवावर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती परत आंबेघोलला गेली आणि सोळा जणींना एकत्र बसवून सगळं उघड सांगितलं. गप्प राहिलं तर काय होईल तेही, आणि बोललं तर काय होईल तेही. "तुमची परवानगी असेल तरच मी बोलेन," ती म्हणाली. "नसेल तर मी ही नोकरी सोडेन, पण खोटं लिहिणार नाही."

मग मालन खोत म्हणाल्या, "मला नातू झालाय. त्याच्या टाळूचा वास घेते मी रोज. पोरांच्या टाळूचा वास घेतला हुता त्यानंतर आत्ता." त्यांनी पदर तोंडाला लावला. "नगं सांगू, केतकी."

"न सांगून कसं?" रेश्माबी पुटपुटल्या. "आपल्यापायी डाक्टरचं औषध खोटं ठरायचं."

सगळ्यांनी छायाक्कांकडे पाहिलं. त्या खाली बघून बांगड्या मागेपुढे करत होत्या. "आमाला वाटलं आमी चांगलं करतोय," त्या शेवटी म्हणाल्या. "सांग तू. पन आदी तुज्या कमिटीला हितं बोलव. जेवायला. उपाशीपोटी कुनाचा न्याय करू नये मानसानं."

नैतिक समितीने गावात जाऊन जेवण्याची ही पहिलीच वेळ असावी. अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायाधीश सुमती राजाध्यक्ष. नियम म्हणजे नियम हा त्यांचा बाणा, आणि आवाज असा की समोरचा निरपराध माणूसही ततपप करू लागे. संख्याशास्त्रज्ञ इम्तियाज बागवान मिरजेहून आले होते. त्यांचा बहुतेक सगळ्यावर एकच प्रश्न असायचा, "एकूण फायदा किती, एकूण तोटा किती?" शिवाय डॉ. उपाध्ये. केतकीने त्यांना परवानगी मिळाली त्याच दिवशी सगळं सांगितलं होतं, आणि तेव्हापासून त्यांचा चेहरा उतरला होता. समितीची बाकीची मंडळीही होती, आणि शेवटच्या पानावर केतकी.

घनसाळ तांदळाचा भात आला, आमटी आली, वांग्याची भाजी आली. बायका वाकून वाकून आग्रह करत होत्या. मग प्रत्येकाच्या पानाशी झाकण लावलेली एकेक वाटी आली.

"आता उघडा," छायाक्का म्हणाल्या.

बागवानांच्या वाटीत बासुंदी होती, दाट, चारोळ्या घातलेली. त्यांनी डोळे मिटून पहिला घोट घेतला आणि "वा!" म्हणाले. शेजारी राजाध्यक्षबाईंनी वाटी तोंडाला लावली आणि थबकल्या. त्यांच्या वाटीत कोमट पाणी होतं, किंचित मीठ घातलेलं. डॉ. उपाध्यांच्या वाटीतही पाणीच. त्यांच्या पलीकडच्याला बासुंदी, केतकीला पाणी.

"वाट्या आमच्या नातीनं भरल्या आनि झाकल्या," छायाक्का गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या. "आमी नुसत्या वाढल्या. कुनाच्या वाटीत काय, आमाला बी म्हाईत न्हवतं."

बागवानांनी आपल्या वाटीकडे पाहिलं, शेजारच्या वाटीकडे पाहिलं. त्यांच्या गळ्याखाली दुसरा घोट उतरेना. आणि मग त्यांनी अगदी सहज, काहीही विचार न करता, आपली वाटी पुढे केली. "घ्या ना मॅडम. निम्मी घ्या."

रेश्माबी सगळ्यांत आधी फिसकन हसल्या. मग मालन, मग सगळ्या सोळा जणी. बागवानांना आपण काय केलं ते उमगलं तेव्हा ते कानापर्यंत लाल झाले, आणि डॉ. उपाध्ये किती दिवसांनी पोट धरून हसले. राजाध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बागवानांच्या वाटीतली निम्मी बासुंदी शांतपणे आपल्या वाटीत ओतून घेतली, प्यायल्या, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "छायाबाई, बासुंदी उत्तम. पण एक फरक आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही सगळं समजून हो म्हणाला होता. तो शब्द तुम्ही मोडलात."

छायाक्कांचा चेहरा पडला. त्या वाढपाचा डाव हातात धरून उभ्या राहिल्या. "मोडला," त्या म्हणाल्या. "ते खरं हाय."

केतकी उठून उभी राहिली. पानावरून मध्येच उठू नये हे तिला कळत होतं, पण तिला राहवलं नाही.

"छायाक्का, तुम्ही पंगतीचा विचार केलात, आणि त्यात काही चूक नव्हती. चूक मोजण्यात झाली. तुम्ही पंगत सोळा जणींची धरलीत. ती पंगत फार लांब आहे हो. साताऱ्यापर्यंत, नागपूरपर्यंत, त्याच्याही पलीकडे. तिथली माणसं रिकाम्या पानावर बसलीत, आणि त्यांच्यापर्यंत काही पोचायचं असेल तर हे औषध खरं आहे हे आधी कळायला हवं. तुम्ही वाटलंत तेव्हा ती तुम्हाला दिसत नव्हती. मीही दाखवली नव्हती, ही माझी चूक. मी तुम्हाला नियम समजावला, तो कशासाठी आहे ते नाही."

छायाक्कांनी डाव खाली ठेवला आणि त्या पहिल्यांदाच त्या दिवशी खाली बसल्या.

मग बागवान बोलले. त्यांनी आकडे रात्रंदिवस उलटेपालटे केले होते. बाकीच्या गावांत पूर्ण मात्रेने गुण येत नव्हता, आणि इथे अर्ध्या मात्रेने सगळ्यांना आला होता. त्यांचा अंदाज होता की पूर्ण मात्रेने मूळपेशी सगळ्या एकदम उठतात आणि साठाच संपून जातो. अर्ध्या मात्रेने थोड्या उठतात, थोड्या पुढच्यासाठी मागे राहतात. "पण हा अंदाजच," ते म्हणाले. "सिद्ध करायला नवं गाव घ्यावं तर वेळ नाही, वरचे लोक प्रयोग बंद करतायत. एकच लवकरचा मार्ग दिसतो. इथल्याच निम्म्या जणींचे थेंब दीड महिना बदलून पाणी द्यायचं. त्यांचा वास गेला आणि बाकीच्यांचा राहिला, तर पुरावा मिळेल. मग सगळ्यांना परत औषध."

"आणि ज्यांचा गेला त्यांचा परत येईल?" राजाध्यक्षबाईंनी विचारलं.

डॉ. उपाध्यांनी मान हलवली. "यावा. पण खात्री देत नाही. देता येणार नाही."

"मग माझा नकार आहे," राजाध्यक्षबाई ठामपणे म्हणाल्या. "शब्द मोडला म्हणून शिक्षा केल्यासारखं होईल ते. दुसऱ्यांच्या भल्यासाठी कुणाच्या तोंडचा घास काढायचा नाही. केंद्र बंद करायचा नियम मी बाजूला ठेवते; या सोळा जणींना औषध चालू राहील, प्रयोगाचं काय व्हायचं ते होवो."

इतक्या करड्या बाईंनी असं म्हणावं याचं सगळ्यांनाच नवल वाटलं. बायका उठून आत गेल्या. स्वयंपाकघरातून बराच वेळ कुजबुज येत राहिली, मध्येच चढे आवाज, मध्येच हुंदका. मग त्या बाहेर आल्या.

"बाईसाहेब," छायाक्का म्हणाल्या, "कुनाला पानावरनं उठवायचं न्हाई, ह्ये तुमचं बरोबर हाय. पन कुनी आपनहून उठलं तर? वाढनारी मागनं जेवते, आमच्यात तसंच हाय. आमी पंधरा जनी तयार हाय. कम्प्युटरला काडू दे चिठ्ठ्या. ह्या टायमाला पातेलं न्हाई, वाटावाटी न्हाई. शब्द."

"आणि सोळावी?" केतकीने विचारलं.

मालन खोत खाली मान घालून उभ्या होत्या. "मला जमायचं न्हाई गं. नातू..."

"तिला जमायचं न्हाई," छायाक्का मध्येच ठणकावून म्हणाल्या. "तिचं चालू ठेवायचं."

केतकीने एकेकीला वेगळं बसवून परत सगळं समजावलं. धोका लपवला नाही, उलट दोनदा सांगितला. वास कायमचा जाऊ शकतो, असं छायाक्कांना सांगताना तिनेच डोळे टिपले.

"तुला रडू येतंय व्हय?" छायाक्कांनी तिच्या पाठीवर हात फिरवला. "आगं, पंचवीस वर्सं बिनवासाची काडली. मरायला न्हाई झाले. उलट नवरा सुखात हुता."

थेंब बदलले. दुसऱ्याच आठवड्यात छायाक्कांना बिडीचा वास येईनासा झाला. अण्णांनी हे जाहीर केलं नाही, पण ते परसात जास्त वेळ काढू लागले त्यावरून गल्लीला समजलं. मग लवंग गेली, मग साबण. रेश्माबींचा वास मात्र तसाच होता. एका भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन कुप्या होत्या, आणि कुठल्या कुपीत काय आहे हे आता दोघींनाही न सांगता कळलं होतं.

केतकी त्या दिवसांत वारंवार गावात जाई. औषधाची राखण करायला नव्हे, तिला राहवत नसे म्हणून. एकदा ती दुपारची छायाक्कांच्या स्वयंपाकघरात शिरली तर रेश्माबी चुलीशेजारी पाटावर बसून एकसारख्या बोलत होत्या. "आता मोहरी तडतडली, तिचा नाकात शिरनारा वास आला. आता हिंग. आता कडीपत्ता, हिरवा हिरवा वास येतोय बग, पाऊस पडून गेल्यावर कुंपनाला येतो तसा. खोबरं जरा जास्त भाजलं गं, काड, काड, करपाय लागलं!" आणि छायाक्का डोळे मिटून ऐकत होत्या, हात तेवढे चालू.

केतकीला बघून रेश्माबी दचकल्या. "थेंब दिला न्हाई हं म्या! औषध वाटायचं न्हाई म्हनालीस. वास सांगायचा न्हाई असं तू कुठं म्हनालीस?"

"नाही म्हणाले," केतकी म्हणाली. काळजीची नीती म्हणून एक प्रकरण ती एम.ए.ला शिकली होती. परीक्षेला ते क्वचितच यायचं म्हणून तिने ते नुसतं वरवर वाचलं होतं. ती पाट ओढून रेश्माबींच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "खोबऱ्याचं पुढे काय झालं, सांगा."

दीड महिना संपला, यादी उघडली. औषधवाल्यांचा वास सगळ्यांचा टिकला होता, पाणीवाल्यांचा सगळ्यांचा गेला होता. बागवानांनी आकडे मांडले तेव्हा वरच्यांनाही नाही म्हणता येईना. प्रयोग बंद करण्याचा निर्णय मागे घेतला गेला, नवी गावं ठरली, अर्ध्या मात्रेची. आणि पाणीवाल्यांना त्याच दिवशी थेंब परत सुरू झाले.

एकेकीचा वास परत येऊ लागला. कुणाला आधी कोथिंबीर, कुणाला गोठा. बातमी आली की गल्लीतून आरोळी उठे आणि सगळ्या तिच्या दारी गोळा होत. छायाक्का सगळ्यांत पुढे असत, साखर वाटत. त्यांचा स्वतःचा काही येत नव्हता. एक महिना गेला, दुसरा गेला. पाणीवाल्यांपैकी त्या एकट्याच उरल्या. डॉ. उपाध्ये दर आठवड्याला स्वतः येऊन नाक तपासत आणि जाताना केतकीची नजर चुकवत. मूळपेशी दमल्या असाव्यात, एवढंच ते म्हणत. रेश्माबींनी मात्र एकही दिवस चुकवला नाही. त्या रोज येत आणि छायाक्कांच्या घरातले वास त्यांना सांगत बसत.

असंच एका सकाळी केतकी छायाक्कांबरोबर ओट्यावर चहा पीत होती. रेश्माबी आपल्या घरातून एक झाकलेलं पातेलं घेऊन आल्या, ते खाली ठेवलं, पदराने घाम पुसला आणि रोजच्यासारखी सुरुवात केली. "छायाक्का, आज बग, लसूण घातलाय भरपूर, त्याचा—"

"थांब," छायाक्का म्हणाल्या.

"आगं, ऐक तरी. लसूण, आनि—"

"थांब म्हनते ना! सांगू नगंस." छायाक्कांनी हात वर केला होता. कपातला चहा हिंदकळून लुगड्यावर सांडला, त्याचंही भान नव्हतं. त्यांनी मान वर केली, नाक फेंदारलं, एकदा श्वास घेतला, मग परत एकदा, जास्त लांब. छायाक्कांचं तोंड आधी वाकडं झालं, मग आणखी वाकडं झालं, आणि मग डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"शेपू!" त्या ओरडल्या. "रांडे, शेपू केलीस व्हय गं! जन्मात मला शेपूचा वास सोसला न्हाई, आनि माज्या दारात शेपू आनलीस!"

रेश्माबी पातेलं तिथेच टाकून त्यांच्या गळ्यात पडल्या. आरोळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली, मालन नातवाला काखोटीला मारून धावत आल्या, आणि परसातून अण्णा काहीतरी घाईघाईने विझवत बाहेर आले. छायाक्का रडत होत्या, शिव्या देत होत्या, आणि परत परत पातेल्यावर वाकून तो नको असलेला वास पोटभर घेत होत्या. मग त्यांनी स्वतः ताटल्या मांडल्या, सगळ्यांना सारखी शेपू वाढली, आणि शेवटी आपल्यालाही वाढून घेतली.

केतकीलाही शेपू आवडत नसे. तिने दोनदा मागून घेतली.